इंजेक्शनच्या आधीचे पाच महिने

पाऊस लागला की मत्स्यबीज केंद्रांवर धांदल उडते. हॅचरीच्या टाक्या धुऊन घ्यायच्या, हापे बांधायचे, संप्रेरकाच्या कुप्या मागवायच्या, तलावात जाळे ओढून रोहू, कटला, मृगळाचे प्रजनक मासे काढायचे. आणि हंगाम फसला की सगळ्यांची बोटे इंजेक्शनकडे वळतात. औषध जुने होते, मात्रा कमी पडली, टोचणाऱ्याचा हात बसलेला नव्हता. यातले एखादे कारण कधीमधी खरेही असते. पण मादीच्या पोटात अंडे कसे घडते हे नीट पाहिले, तर दोष बहुधा त्या दिवसाच्या बराच मागे सापडतो. इंजेक्शनला अंडे बनवता येत नाही. जानेवारी ते मे या काळात ते पोटात बनलेले असेल तरच जून-जुलैत सुटते. म्हणून लहान बीजोत्पादकाने आपला पैसा आणि लक्ष या पाच महिन्यांवर खर्च करावे आणि टोचण्याचा दिवस अंडे पाहून ठरवावा, असा माझा आग्रह आहे. त्यामागची कारणे माशाच्या अंडाशयातच आहेत.

सस्तन प्राण्यांची मादी आपल्या अंडपेशींचा जवळजवळ सगळा साठा जन्मतःच घेऊन येते. बहुतेक माशांचे तसे नाही. त्यांच्या अंडाशयात मूळ पेशी आयुष्यभर विभागत राहतात आणि दरवर्षी अंड्यांची नवी तुकडी उभी करतात. म्हणूनच रोहूची मादी एका हंगामात किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी देते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तितकीच देऊ शकते. मूळ पेशीचे विभाजन थांबले की ती वाढीला लागते. सुरुवातीची वाढ फार संथ असते. पेशी डोळ्यांना दिसत नाही इतकी लहान असते, तिचे केंद्रक मोठे असते आणि तिच्याभोवती दुसऱ्या पेशींचे पातळ वेष्टन चढत जाते. या अवस्थेतल्या पेशी अंडाशयात वर्षभर असतात. हिवाळ्यात रोहूचे पोट चिरून पाहिले तर दोन बाजूंना दोन बारीक, पारदर्शक पट्ट्या दिसतात. गाभोळी म्हणावे असे तिथे काही नसते, पण पुढच्या हंगामाची अंडी त्या पट्ट्यांतूनच घडायची असतात.

दिवस मोठा होऊ लागला आणि पाणी तापू लागले की मेंदूखालची पियुषिका ग्रंथी जागी होते. तिच्या संप्रेरकामुळे अंड्याभोवतीच्या वेष्टनातल्या पेशी कामाला लागतात. बाहेरचा थर टेस्टोस्टेरॉन बनवतो आणि आतला थर त्याचे इस्ट्रॅडिऑल करतो. हे इस्ट्रॅडिऑल रक्तातून यकृताकडे जाते. यकृत त्याच्या हुकमाने व्हिटेलोजेनिन नावाचे प्रथिन मोठ्या प्रमाणावर तयार करते, ते रक्तातून पुन्हा अंडाशयात येते आणि वाढती अंडपेशी ते शोषून त्याचा बलक साठवते. म्हणजे अंड्यातला बलक बनतो यकृतात आणि साठतो अंड्यात. १९९०च्या दशकात ब्रिटनमधल्या नद्यांत याचा अनपेक्षित पुरावा मिळाला. सांडपाणी सोडले जाते त्या ठिकाणांच्या खालच्या प्रवाहातल्या नर माशांच्या रक्तात व्हिटेलोजेनिन सापडले. पाण्यात मिसळलेली इस्ट्रोजेनसारखी द्रव्ये नराच्या यकृतालाही बलकाचे प्रथिन बनवायला लावत होती. हुकूम मिळाला की यकृत कामाला लागते. मग मादीच्या बाबतीत प्रश्न एवढाच उरतो की तो माल बनवायला लागणारे प्रथिन आणि चरबी तिला तलावात मिळते की नाही.

थोडे गणित करू. पाण्यात पडण्यापूर्वी रोहूच्या पक्व अंड्याचा व्यास सुमारे एक मिलिमीटर असतो आणि एवढ्या गोळ्याचे वजन अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास भरते. तीन किलोच्या मादीत सहा लाख अंडी धरली तर ३०० ग्रॅम गाभोळी झाली. हे ३०० ग्रॅम म्हणजे नुसते पाणी नसते. त्यात प्रथिन, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे आणि खनिजे यांचा असा साठा असतो की बाहेरून काहीही न खाता पिलाला उबून बाहेर येता यावे आणि पुढे तोंड उघडेपर्यंतचे दिवस काढता यावेत. हा सगळा माल साधारण फेब्रुवारी ते मे या काळात यकृताच्या वाटेने अंडाशयात जातो. त्या काळात मादी उपाशी राहिली तर तिच्यापुढे दोनच वाटा उरतात. काही अंडी ती अर्ध्यावर जिरवून टाकते किंवा सगळ्याच अंड्यांत बलक कमी भरते. पहिल्या वाटेने अंड्यांची संख्या घटते. दुसरी वाट जास्त घातक, कारण अंडी मोजायला पुरेशी दिसतात आणि मत्स्यजिरे मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी मरू लागते. त्याचे खापर मग पाण्यावर फुटते.

तेव्हा पहिले काम म्हणजे जानेवारीत प्रजनकांचा तलाव वेगळा करणे. रोहू आणि मृगळाच्या दोन ते चार वर्षांच्या, दोन किलोंच्या वरच्या माद्या निवडाव्यात. कटल्याची मादी तीन किलोंच्या वरची असलेली बरी. पाणी किमान दीड मीटर खोल हवे आणि हेक्टरी दीड-दोन हजार किलोंहून जास्त मासे ठेवू नयेत. वजनाच्या एक ते दोन टक्के खाद्य रोज द्यावे आणि त्यात प्रथिन पंचवीस ते तीस टक्के असावे. भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड समप्रमाणात, हे आपल्याकडचे जुने मिश्रण चालते, पण त्यावर थांबू नये. त्यात मासळीची भुकटी, थोडे माशाचे तेल, क्षार आणि जीवनसत्त्वांचे मिश्रण घालावे. ई जीवनसत्त्वाकडे विशेष लक्ष द्यावे. जपानमध्ये सायप्रिनसवर झालेल्या प्रयोगांत हे जीवनसत्त्व कमी पडलेल्या माद्यांची अंडाशये खुरटलेली राहिली. भुवनेश्वरच्या 'सीफा' या केंद्रीय संस्थेने प्रजनकांसाठी 'सीफाब्रूड' नावाचे वेगळे खाद्य तयार केले, तेही याच विचाराने. तलावात सायप्रिनस असेल तर नर-माद्या हिवाळा संपण्याआधीच वेगळ्या कराव्यात, कारण तो साठलेल्या पाण्यातही अंडी घालतो.

यावर सर्वांत आधी येणारा आक्षेप पैशाचा. पाच महिने असे खाद्य घालायला परवडते कुणाला? तीन किलोच्या मादीला दोन टक्क्यांनी रोज ६० ग्रॅम खाद्य लागते, म्हणजे दीडशे दिवसांत नऊ किलो. नराचे तेवढेच धरले तरी जोडीमागे अठरा किलो होते. त्या अठरा किलोंची आजची किंमत एका मादीच्या सहा लाख अंड्यांपुढे ठेवून पाहावी, हिशेब आपोआप लागतो. आणि तो लागत नसेल तर मासे कमी ठेवावेत. शंभर अर्धपोटी माद्यांपेक्षा चाळीस नीट पोसलेल्या माद्या जास्त मत्स्यजिरे देतात. बलक खाद्यातून यायचा असतो, माशांच्या संख्येतून नाही. याच्या उलटही एक चूक होते. नुसता कोंडा भरपूर घातला की मादी गलेलठ्ठ होते, पोट फुगते आणि मालक खूश होतो. पण ते पोट आतड्याभोवतीच्या चरबीने भरलेले असते. अशी मादी उलटी धरली तर पोट ताठ आणि गोल राहते. अंड्यांनी भरलेले पोट मऊ लागते, दोन्ही बाजूंना किंचित पसरते आणि जननछिद्र गुलाबी, थोडे फुगीर दिसते.

आपल्याकडचा उन्हाळा ही खाद्याहून अवघड बाब आहे. विदर्भात आणि मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये तलाव आटतो, तेवढेच मासे निम्म्या पाण्यात येतात आणि पहाटे प्राणवायू खाली जातो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागले की आपण एअरेटर लावतो, मासे वाचतात आणि विषय संपला असे वाटते. हाँगकाँगमधल्या संशोधकांनी २००३ साली सायप्रिनसवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. कमी प्राणवायूत आठवडेच्या आठवडे ठेवलेले मासे जिवंत राहिले, पण त्यांच्या रक्तातली लैंगिक संप्रेरके घसरली आणि अंडाशयांची वाढ मागे पडली. याचा अर्थ मासा मरत नाही एवढ्यावरून अंडे वाढते आहे असे धरता येत नाही. ज्यांच्याकडे विहीर किंवा कालव्याचे पाणी आहे त्यांनी फेब्रुवारीपासून दर पंधरवड्याला थोडे ताजे पाणी सोडावे. ज्यांच्याकडे नाही त्यांनी मार्चमध्येच माशांची संख्या कमी करावी, मे महिन्याची वाट पाहू नये. जाळेही वरचेवर ओढू नये. प्रत्येक पकडीने माशाच्या रक्तात ताणाचे संप्रेरक वाढते आणि ते इस्ट्रॅडिऑलच्या कामात अडथळा आणते. पाहुण्यांना मासे दाखवण्यासाठी जाळे टाकण्याची हौस या काळात आवरावी.

मे अखेरीस अंडे पूर्ण भरलेले असते आणि इथे रोहूची गोष्ट वेगळे वळण घेते. बलक भरल्यावर अंडे लगेच सुटत नाही, ते थांबून राहते. पुढच्या हालचालीसाठी पियुषिकेने दुसरे एक संप्रेरक एकदम, मोठ्या प्रमाणात सोडावे लागते आणि नदीत ते पुराच्या पाण्याने घडते. तलावाच्या संथ पाण्यात तो इशारा मिळत नाही, म्हणून भरलेली अंडी काही आठवडे वाट पाहतात आणि नंतर मादी ती जिरवून टाकते. रोहू तलावात कितीही पोसला तरी वितच नाही, हे कोडे कित्येक वर्षे होते आणि तोवर बीज नद्यांतूनच गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी यांनी माशांच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना अंडी घालायला लावली. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात तो त्यामुळेच. त्या यशाचा मोठा भाग आधीच तयार होता, कारण तलावातल्या माद्यांच्या पोटात अंडी पूर्ण भरलेली होती. अर्काने फक्त दाराची कडी काढली.

ही कडी कशी निघते हे आज आणखी तपशिलाने माहीत आहे. पियुषिकेचा शेवटचा झोत आला की अंड्याभोवतीच्या पेशी इस्ट्रॅडिऑल बनवणे थांबवतात आणि दुसरेच संप्रेरक बनवू लागतात. जपानमधल्या ओकाझाकीचे योशिताका नागाहामा यांनी १९८५ साली सामन कुळातल्या एका माशात ते ओळखून काढले. या संप्रेरकाच्या इशाऱ्याने अंड्यातले केंद्रक मधून निघून कडेला सरकते, तिथे विरघळते आणि मग अंडे वेष्टनातून सुटते. केंद्रक सरकते ते सूक्ष्मछिद्राच्या बाजूला, जिथून शुक्राणू आत शिरायचा असतो. पण अंडे हा इशारा ऐकू शकते ते वाढ पूर्ण झाल्यावरच. त्याआधी तो ओळखणारी यंत्रणाच त्याच्यात तयार झालेली नसते, म्हणून अर्धवट अंड्यांवर तेच संप्रेरक ओतले तरी केंद्रक हलत नाही. ओव्हाप्रिमसारखी औषधे तर अंड्यापर्यंत थेट पोचतही नाहीत. त्यातला एक घटक पियुषिकेला चालना देतो आणि दुसरा, डोम्पेरिडोन, तिच्यावरचा डोपामाइनचा लगाम सोडवतो. बाकीचे काम मादीच्या स्वतःच्या ग्रंथीला आणि अंडाशयाला करायचे असते.

"पण आम्ही तर दरवर्षी जूनच्या पहिल्या पावसालाच टोचतो आणि अंडी येतात," असे अनेकजण म्हणतील. अंडी येतात हे खरे. माझा प्रश्न असा की शंभरातल्या किती माद्या देतात, त्यातली किती अंडी फळतात आणि किती पिले पाचव्या दिवशी जिवंत असतात? एका टाकीत वीस माद्या सोडल्या की चांगल्या दहांच्या अंड्यांत कच्च्या पाचांची अंडी झाकली जातात. शिवाय पाण्यात पडलेले अंडे फुगले म्हणजे फळले असे अजिबात नाही. रोहूचे अंडे पाणी शोषून चार-पाच मिलिमीटरचे होते. हे फुगणे कवचाखालच्या कोशिका फुटल्यामुळे घडते आणि त्याला शुक्राणूची गरज नसते. न फळलेले अंडेही पहिले काही तास तितकेच टपोरे आणि स्वच्छ दिसते. म्हणून फलनाचा आकडा पहिल्या तासात काढू नये. चार-पाच तासांनी पांढुरकी पडलेली अंडी वेगळी मोजावीत, तेव्हा खरी स्थिती कळते. मात्रा वाढवून काम भागेल हा विचारही असाच फसवा आहे. केंद्रक कडेला पोचले नसताना जोर लावला तर अंडी बाहेर ढकलली जातात, पण ती फळत नाहीत आणि मादी हातची जाते.

तेव्हा टोचण्याआधी अंडे पाहावे. हे काम अवघड नाही. मादीला ओल्या फडक्यात गुंडाळून पोट वर करून धरावे, दोन मिलिमीटरची मऊ प्लॅस्टिकची नळी जननछिद्रातून हळूच आत सरकवावी आणि तोंडाने किंवा सिरिंजने किंचित ओढ देऊन वीस-पंचवीस अंडी घ्यावीत. काचेच्या बशीत ती सेरा द्रावणात टाकावीत. सहा भाग अल्कोहोल, तीन भाग फॉर्मॅलिन आणि एक भाग ग्लेशियल ॲसिटिक आम्ल असे हे द्रावण असते. ते हातमोजे घालून, उघड्यावर हाताळावे. पाच मिनिटांत बलक पारदर्शक होऊ लागतो आणि आतले केंद्रक ठिपक्यासारखे वेगळे दिसते. साधे भिंग पुरते. बहुतेक अंड्यांत ठिपका मध्याच्या बाहेर, कडेकडे सरकलेला असेल तर ती मादी तयार आहे. तो मधोमध असेल, अंडी लहान-मोठी असतील तर तिला तलावात परत सोडावे, खाद्य चालू ठेवावे आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा पाहावे. अंडी मऊ, सुरकुतलेली, एकमेकांना चिकटलेली आणि रंगाने मळकट असतील तर ती जिरू लागली आहेत आणि तिच्यावर औषध वाया घालवू नये. नळीने मादीला इजा होईल ही भीती रास्त आहे. घाईने किंवा जाड नळीने ती होतेही, म्हणून प्रत्येक मादी तपासायची गरज नाही. एकाच तलावातल्या, एकाच वयाच्या माद्यांतल्या तीन-चार पाहिल्या तरी साऱ्या तुकडीचा अंदाज येतो.

नर तपासणे सोपे आहे. वक्षपर हाताला खरखरीत लागले आणि पोट हलके दाबताच दुधासारखे वीर्य आले की तो तयार. इंजेक्शनच्या मात्रा कुपीसोबतच्या पत्रकात असतात. ओव्हाप्रिमसाठी मादीला किलोमागे साधारण ०.३ ते ०.५ मिलि, मृगळाला थोडी कमी आणि कटल्याला जास्त. पियुषिकेचा अर्क वापरत असाल तर मादीला किलोमागे दोन-तीन मिलिग्रॅम आणि सहा तासांनी पाच ते आठ मिलिग्रॅम असे दोनदा टोचतात. पहिल्या मात्रेने केंद्रक वाटेला लागते आणि दुसरीने अंडे सुटते. पाणी २६ ते ३१ अंशांच्या दरम्यान असावे. अंडी हाताने पिळून काढणार असाल तर घड्याळावर नजर हवी. सुटलेले अंडे पोटात राहिले की या तापमानात तासा-दोन तासांतच त्याची फळण्याची ताकद उतरू लागते. थंड पाण्यातल्या ट्राउटची सुटलेली अंडी पोटात आठवडाभर टिकतात, पण ती सवलत आपल्याकडे नाही. आणि नराचे वीर्य अंड्यांवर आधी पसरून मगच पाणी घालावे, कारण पाणी लागताच मिनिटाभरात ते सूक्ष्मछिद्र मिटते.

शेवटचा आक्षेप लवकरच्या बीजाचा. जूनमध्ये बीज दिले तर भाव चांगला मिळतो आणि शेततळ्याला वाढीचा काळही जास्त मिळतो, मग थांबायचे कशाला? मागणी खोटी नाही, पण तिचे उत्तर जानेवारीत द्यावे लागते. चांगले खाद्य आणि ताजे पाणी मिळालेल्या माद्या मे अखेरीसच तयार होऊ शकतात आणि त्यांना पाऊस येण्याआधीही टोचता येते. अशा लवकर तयार झालेल्या माद्यांचा आणखी एक फायदा आहे. अंडी देऊन रिकामी झालेली मादी त्याच दिवशी बाजारात पाठवण्याची पद्धत आहे आणि ती तोट्याची आहे. तिला पोटॅशियम परमँगनेटच्या सौम्य द्रावणातून काढून वेगळ्या तलावात सोडावे आणि पहिल्यासारखेच खाद्य द्यावे. पंचेचाळीस ते साठ दिवसांत तिच्या अंडाशयात दुसरी तुकडी भरू शकते आणि ऑगस्टमध्ये तीच मादी पुन्हा टोचता येते. मात्र तेव्हाही नळीने अंडी काढून ठिपका कुठे आहे ते पाहायचेच, कारण दुसऱ्या खेपेला सगळ्या माद्या सारख्या वेगाने भरत नाहीत.